कडाका पडला, तरी हिवाळा आखडतोय

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचं किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसवर उतरलं. नागपूरच्या नोंदींतला हा नीचांक आहे. ‘आमच्या लहानपणी कसली थंडी पडायची’ असं आजी-आजोबा सांगतात, पण नागपुरात मोजली गेलेली सर्वांत थंड पहाट त्यांच्या लहानपणातली नाही, अगदी अलीकडची आहे. त्यानंतर सहा वर्षांनी आलेला फेब्रुवारी २०२५ मात्र देशाच्या १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. एरवी त्या महिन्यात देशाचं सरासरी तापमान २०.७० अंश असतं, ते २२.०४ अंशांवर गेलं. महिनाअखेरीस मुंबईचा पारा ३८ अंशांच्या पुढे सरकला आणि कोकण-गोव्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. दिनदर्शिकेत तेव्हा अजून हिवाळा होता.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पहिलीसारखी बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न फिरतो, ‘मग तापमानवाढ कुठे गेली?’ दुसरीसारखी आली की ‘आता थंडी कायमची संपली’ असं सांगणारे पुढे येतात. एका पहाटेवरून किंवा एका दुपारवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही हिवाळ्याचं काहीतरी बिनसलंय हे शेतकऱ्याला, बागायतदाराला, मेंढपाळाला जाणवतंय आणि त्यांचं जाणवणं खोटं नाही. थंडीचे कडाके अजून पडतात, पुढेही पडतील. पण हिवाळा आतून तुटतोय आणि शेवटाकडून आखडतोय. जानेवारीच्या पहाटेपेक्षा फेब्रुवारीच्या दुपारी हे जास्त स्पष्ट दिसतं.

थंडी येते कुठून

महाराष्ट्रात कडाक्याची थंडी पडायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. उत्तरेकडून कोरडा वारा यायला हवा आणि रात्री आभाळ निरभ्र हवं.

उत्तरेच्या वाऱ्याची गोष्ट खूप लांब, भूमध्य समुद्राच्या परिसरात सुरू होते. तिथे आणि आजूबाजूला हिवाळ्यात हवेच्या कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. याच काळात दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट स्ट्रीम, दक्षिणेला सरकून उत्तर भारताच्या डोक्यावर आलेला असतो. हा पट्टा त्या कमी दाबाच्या क्षेत्रांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत आणतो. बातम्यांत यांना पश्चिमी झंझावात म्हणतात, कुठे पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला असे साधारण चार ते सहा झंझावात येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळे आणि पंजाब-हरियाणातल्या गव्हाला हिवाळी पाऊस मिळतो तोही त्यांच्यामुळेच.

झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या पाठीमागून थंड, कोरडी हवा मैदानात उतरते. ती राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडत दोन-तीन दिवसांत खानदेश, विदर्भ आणि नाशिकपर्यंत पोचते. म्हणून ‘काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी’ ही बातमी वाचल्यावर दोन-तीन दिवसांनी धुळे-जळगावात हुडहुडी भरते. याउलट नवा झंझावात जवळ येत असताना वाऱ्याची दिशा बदलते, समुद्राकडची दमट हवा आत येते, ढग जमतात आणि पहाटेचा गारठा अचानक नाहीसा होतो. चार दिवस कडाका, मग तीन दिवस ऊब, पुन्हा कडाका, ही आपल्या हिवाळ्याची नेहमीचीच चाल आहे. मधले चार दिवस स्वेटर कपाटात गेला म्हणून हवामान बदललं असं होत नाही.

झंझावातांनी दडी मारली तर काय होतं, ते जानेवारी २०२४मध्ये काश्मीरने पाहिलं. तिकडे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. वर्षातली सर्वांत कडक थंडी याच दिवसांत असते. त्या वर्षी ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचे उतार बोडके होते. बर्फावर घसरायला आलेले पर्यटक कोरडं, पिवळं गवत पाहून परतले. जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला तेव्हा तिथल्या लोकांना हायसं वाटलं. तो बर्फ नुसता पर्यटकांसाठी नसतो. उन्हाळ्यात झऱ्यांना, नद्यांना आणि सफरचंदाच्या बागांना पाणी त्यातूनच मिळतं.

दुसरी गोष्ट निरभ्र रात्रीची. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्यावर आपली उष्णता वर सोडून देते. आभाळ मोकळं, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर ही उष्णता थेट निघून जाते आणि पहाटेपर्यंत जमीन गार पडते. ढग किंवा दमटपणा असला तर तो गोधडीसारखं काम करतो, जमिनीची ऊब खालीच धरून ठेवतो. निफाडच्या नीचांकाची बातमी दर हिवाळ्यात येते. ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदीची असते. गोदावरीच्या खोऱ्यातला सखल, मोकळा मुलूख, उत्तरेच्या वाऱ्याच्या वाटेवरचा, आणि कोरडी हवा, असं सगळं तिथे जुळून येतं. गार हवा जड असते, रात्री ती उताराने खाली वाहत येऊन सखल जागी साचते.

महाबळेश्वरच्या बातमीतला घोळही यातूनच सुटतो. वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, पण हवामान खात्याच्या आकड्यांत महाबळेश्वर तेवढं थंड दिसत नाही. लोकांना वाटतं, कुणीतरी चुकतंय. खरं तर वेधशाळा उंचावर आहे आणि तलाव खोलगट जागी. शिवाय तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. गवताच्या पात्याजवळची हवा त्याहून कितीतरी गार असू शकते.

पुण्यात हेच उलट्या बाजूने दिसतं. एकाच पहाटे शहराबाहेर हवेली किंवा एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, बाजूला एक आकडा असतो आणि मगरपट्ट्यात त्याहून पाच-सहा अंशांनी जास्त. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. शिवाजीनगरच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद केली होती. आजच्या शिवाजीनगरात तसा आकडा दिसला नाही, तर त्यातला काही वाटा पृथ्वीच्या तापण्याचा आणि काही वाटा पुण्याच्या वाढण्याचा. दोन्ही वेगळे मोजायला हवेत. तापमानवाढीबद्दल बोलताना शहरातल्या जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना केली जाते, ते मला बरोबर वाटत नाही.

‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणजे नक्की कशापेक्षा

‘थंडीची लाट’ हा बातमीत सैलपणे वापरला जाणारा शब्द असला, तरी हवामान खात्याचा निकष ठरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलेलं हवं. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर सरासरी काही का असेना, लाट जाहीर होते. किनारपट्टीसाठी १० अंशांची अट लावली तर कोकणात लाट जवळपास कधीच येणार नाही, म्हणून तिथे ती १५ अंशांची आहे. मुंबईचा आजवरचा नीचांक ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२चा.

यातली ‘सरासरी’ नीट समजून घ्यायला हवी. ती तीस वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. सध्या १९९१ ते २०२० या काळाची सरासरी वापरतात. आधी १९८१ ते २०१०ची होती. नवी तीस वर्षं त्याआधीच्या काळापेक्षा उबदार होती, म्हणून मोजपट्टीची शून्याची खूणच वर गेली आहे. आज ज्या आठवड्याला ‘सरासरीइतकी थंडी’ म्हणतात, तो पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजपट्टीवर कदाचित उबदार ठरला असता. एवढं करूनही फेब्रुवारी २०२५ नव्या, वर सरकलेल्या सरासरीच्या १.३४ अंश पुढे गेला. हा आकडा मला पहिल्यांदा वाचला तेव्हापासून अस्वस्थ करतो आहे. एका दिवसाचं तापमान १.३४ अंशांनी वर-खाली झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अख्ख्या देशाची, अख्ख्या महिन्याची सरासरी तेवढी हलणं ही फार मोठी गोष्ट आहे.

या नोंदींबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. भारतीय हवामान विभाग १८७५मध्ये स्थापन झाला. त्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि पुढे दिल्लीला गेलं. पुणेकर मात्र शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. देशभरातल्या केंद्रांवर ठरल्या वेळी तापमापक वाचणाऱ्या, वहीत आकडा लिहिणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्यांमुळे आपल्याला १९०१पासूनची तुलना करता येते. हवामानबदलाचा सगळा पुरावा अशा वह्यांवर उभा आहे.

ढग आले की

हिवाळ्यातल्या पावसाची आपल्याला सवय नाही, म्हणून तो नेहमी अवकाळी. पण त्याची कृती साधी आहे. वरून झंझावाताची गार, कोरडी हवा येते आणि खालून अरबी समुद्राची किंवा बंगालच्या उपसागराची दमट हवा. या दोन्ही महाराष्ट्रावर भेटल्या की पाऊस होतो.

१ आणि २ डिसेंबर २०२१ला हेच झालं. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राला उत्तरेकडच्या झंझावाताची साथ मिळाली आणि मुंबई, नाशिक, पुणे, नगर भागात दिवसरात्र पाऊस पडला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हजाराहून जास्त शेळ्या-मेंढ्या दगावल्या. घाटमाथ्याच्या पलीकडे, उघड्या माळावर वाडे टाकून बसलेल्या मेंढपाळांचं रात्रीतून सगळं गेलं. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या रात्री किमान तापमान फार खाली नव्हतं, कारण ढग होते. मेंढरं मेली ती भिजलेल्या लोकरीमुळे, अखंड वाऱ्यामुळे आणि दिवसाही ऊन न मिळाल्यामुळे. ढगाळ हिवाळी दिवसात रात्र उबदार राहते आणि दिवस गार. त्यामुळे नुसता किमान तापमानाचा आकडा पाहून थंडीचा त्रास मोजता येत नाही. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकली गेली, तेव्हाही दिवसाचं तापमान २४-२५ अंशांच्या आसपास अडकून राहिलं होतं.

त्याआधी डिसेंबर २०१७मध्ये ओखी चक्रीवादळ केरळ-तमिळनाडूला झोडपून अरबी समुद्रातून वर आलं. ते गुजरातच्या किनाऱ्याजवळ विरलं, पण मुंबईला ऐन डिसेंबरात भिजवून गेलं. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या भीमअनुयायांना शिवाजी पार्कवरून हलवून महापालिकेच्या शाळांत आसरा द्यावा लागला. २६ नोव्हेंबर २०२३ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षाचे घड आकार घेत होते आणि निफाडच्या बागा त्या एका संध्याकाळी झोडपल्या गेल्या. त्याच दिवशी गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली.

गारपिटीचं एक कोडं अनेकांना पडतं. धो-धो पावसाळ्यात गारा पडत नाहीत, मग हिवाळ्याच्या शेवटी कशा पडतात? गार तयार व्हायला ढगात वर उसळणारा जोरदार झोत लागतो. तो पाण्याच्या थेंबाला गोठणबिंदूच्या पातळीच्या, म्हणजे जिथे पाणी गोठतं त्या उंचीच्या, वर नेतो, तिथे थेंबावर बर्फाचे थर चढतात आणि झोताला पेलवेनासं झालं की गार खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापायला लागलेली असते आणि झंझावातामुळे वरची हवा अतिशय गार असते. खाली ऊन, वर गारवा, यातूनच तो जोरदार झोत जन्मतो. शिवाय या दिवसांत गोठणबिंदूची पातळी जमिनीच्या जास्त जवळ असते, त्यामुळे गारेला वितळायला अंतर कमी मिळतं. पावसाळ्यात सगळीच हवा दमट आणि वरपर्यंत उबदार असते. गार तयार झालीच तर वाटेतच विरघळते.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने जे भोगलं, ते ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक-नगर, सगळीकडे एकामागून एक गारपीट. एरवी गारपीट एका शिवारात येते आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. तेव्हा ती जवळजवळ तीन आठवडे फिरत राहिली. काढणीला आलेली ज्वारी, हरभरा, गहू, द्राक्षं, डाळिंबं मातीत गेली. पक्षी मेले, जनावरं मेली.

यात हवामानबदलाचा हात किती

इथे ठाम काय आहे, बहुधा काय आहे आणि वादात काय आहे, हे वेगळं ठेवायला हवं. सगळं एका सुरात ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून टाकलं की खरं असलेलंही लोकांना खोटं वाटू लागतं.

ठाम गोष्टी अशा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०२०मध्ये केंद्र सरकारसाठी केलेल्या अहवालात हे आहे. त्यातला आणखी एक आकडा आपल्या विषयाला थेट भिडतो. १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान सुमारे ०.४ अंशांनी वर गेलं, सर्वांत उष्ण दिवसाचं ०.६३ अंशांनी. म्हणजे थंडीचा तळही वर सरकतोय, हळू पण सरकतोय. मग नागपूरचा २०१८चा नीचांक? सरासरी वर गेली तरी हवेची रोजची चढउतार थांबत नाही. उत्तरेचा वारा, निरभ्र रात्र, कोरडी जमीन असं सगळं नेमकं जुळलं तर नीचांक आजही मोडू शकतो. पूर्वीपेक्षा ते कमी वेळा जुळेल आणि उष्णतेचे उच्चांक त्याहून कितीतरी जास्त वेळा मोडतील, एवढाच तापमानवाढीचा दावा आहे. घडतंयही तेच. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ हे दोन्ही महिने दिवसाच्या कमाल तापमानाच्या बाबतीत तोवरचे १९०१पासूनचे सर्वांत उष्ण ठरले, आणि तेही एकाच मोसमात.

दुसरी ठाम गोष्ट भौतिकशास्त्राची आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र गेल्या चार दशकांत एक अंशाहून जास्त तापला आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्यासारखे आयआयटीएममधले संशोधक हे बरीच वर्षं दाखवून देत आहेत. त्यामुळे झंझावात आणि समुद्राची हवा भेटते तेव्हा पावसाला कच्चा माल पूर्वीपेक्षा जास्त मिळतो. डिसेंबर २०२१चा पाऊस तापमानवाढीनेच ‘आणला’ असं म्हणता येणार नाही, तो तसाही आला असता. पण तापलेल्या समुद्रावरून येणारा असा पाऊस जास्त भरलेला असणं स्वाभाविक आहे.

झंझावातांचं काय होतंय, इथे मात्र संशोधकांत एकमत नाही. हिवाळ्यात ते कमी होतील किंवा दुबळे पडतील असं काही अभ्यास सांगतात. अलीकडच्या काही अभ्यासांत ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, अगदी मे-जूनपर्यंत रेंगाळताना दिसतात, कारण जेट स्ट्रीम उत्तरेकडे परतायला उशीर करतो. दुसरं खरं असेल तर एप्रिल-मेमधली वादळं आणि गारपीट वाढू शकते. गारपिटीबद्दल तर दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. जास्त उष्णता आणि जास्त बाष्प यांमुळे झोत जोरदार होतो, पण गोठणबिंदूची पातळी वर गेल्याने लहान गारा वाटेत वितळतात. म्हणून ‘गारपीट वाढणार’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

ध्रुवीय भोवऱ्याबद्दलही थोडक्यात. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेतलं टेक्सास गोठलं, वीज गेली, नळ फुटले, दोनशेहून जास्त माणसं दगावली. ह्यूस्टन-डॅलस-ऑस्टिनमधल्या मराठी घरांनीही ते दिवस काढले. उत्तर ध्रुवावर उंचावर गार हवेचा भोवरा फिरत असतो, तो विस्कटला की ती गार हवा दक्षिणेकडे सांडते. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय आणि त्यामुळे हा भोवरा जास्त वेळा विस्कटतो, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. इतरांना ते पटत नाही आणि वाद मिटलेला नाही. आपल्याकडच्या थंडीला हे नाव चिकटवणं मात्र चूक आहे. मध्य आशियाची गोठवणारी हवा थेट आपल्यावर येऊ नये म्हणून मध्ये हिमालय उभा आहे.

ला निनाचंही असंच. प्रशांत महासागराचं पाणी गार पडलं, म्हणजे ला निना असला, की उत्तर भारतात हिवाळा सहसा जास्त थंड असतो. पण ‘सहसा’ हा शब्द विसरू नये. २०२२-२३चा हिवाळा हा सलग तिसऱ्या ला निनाचा होता आणि उष्णतेचे वर सांगितलेले दोन्ही विक्रम त्याच हिवाळ्यातले. ज्याने थंडी वाढायला हवी होती तो घटक असतानाही फेब्रुवारी तापला, हे मला कोणत्याही एका नीचांकापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

फेब्रुवारी गेला कुठे

हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. रब्बी पिकांच्या हिशेबात फेब्रुवारी सगळ्यात नाजूक, कारण दाणा भरतो तो तेव्हा. गव्हाला दाणा भरताना थंड रात्री लागतात. पारा लवकर चढला की पीक वेळेआधी पिकतं आणि दाणा चिमतो. मार्च २०२२ हा कमाल तापमानात तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता. पंजाब-हरियाणाचा गहू त्यात भाजला आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. उष्णता तीन-चार आठवडे आधी येते तेव्हा ती जागतिक बाजारापर्यंत पोचते, ती अशी.

महाराष्ट्रात याचं रूप पिकागणिक बदलतं. हरभरा आणि रब्बी ज्वारी या दंवावर आणि जमिनीतल्या ओलीवर वाढणाऱ्या पिकांना कोरडी थंडी मानवते. मध्येच ढगाळ हवा आली की हरभऱ्यावर घाटेअळी येते आणि ज्वारीवर चिकटा पडतो. कांद्याला थंडी-उष्णतेचे हेलकावे बसले की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुटतात आणि कांदा पोसायचा राहतो. द्राक्षाला तर दोन्हीकडून भीती. पारा फार घसरला की मणी तडकतात, म्हणून निफाड-दिंडोरीकडे पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू ठेवतात. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. ढग आणि पाऊस आला की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या.

कोकणात हापूसच्या मोहोराला थंडी हवी असते. पाऊस लांबला आणि थंडी उशिरा आली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर आल्यावर ढगाळ हवा राहिली तर तुडतुडे. कणी धरल्यावर पुन्हा कडाक्याची थंडी पडली तर झाड नव्याने मोहोरतं आणि आधी धरलेली फळं गळतात. हे सगळं पार पडून फळ सुपारीएवढं झालं आणि फेब्रुवारीतच पारा ३७-३८ अंशांवर गेला, तर पुन्हा गळ, आणि जे राहतं त्याच्या सालीवर उन्हाचे डाग. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला विचारलं तर तो ‘थंडी कमी झाली’ असं म्हणत नाही, ‘थंडी वेळेवर येत नाही’ असं म्हणतो. मला त्याचं निरीक्षण बऱ्याच बातम्यांपेक्षा नेमकं वाटतं.

किनाऱ्यावर फेब्रुवारी एवढा का तापतो, याचंही कारण आहे. एरवी दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि मुंबई-रत्नागिरीचा पारा आवरतो. फेब्रुवारीत अनेकदा पूर्वेकडचे, म्हणजे तापलेल्या जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्राचा वारा यायला उशीर होतो. तो जेवढा उशिरा येईल तेवढं तापमान चढत जातं. असे दिवस पूर्वीही येत होते. फरक इतकाच की आता त्या दिवसाची सुरुवात आधीच वर सरकलेल्या तापमानापासून होते, म्हणून ३५ला थांबणारा दिवस ३७-३८ला जातो.

या सगळ्याचा व्यवहाराशी थेट संबंध येतो तो हवामान आधारित फळपीक विमा योजनेत. तिथे पंचनामा करून नुकसान मोजत नाहीत. अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान असे धोके पिकागणिक ठरलेले असतात आणि प्रत्येक धोक्याला तारखांची चौकट असते. त्या तारखांच्या आत, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेला आकडा ठरलेले दिवस टिकला, तर भरपाई मिळते. तोच आकडा चौकटीच्या आठ दिवस आधी आला, तर फळ गळूनही हातात काही येत नाही. हिवाळा आखडतोय हे खरं असेल तर या तारखा जुन्या अनुभवावर ठेवून चालणार नाही. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून जास्त मंडळांत केंद्रं उभी राहिली आहेत, पण त्यांच्या नोंदी २०१७च्या सुमारास सुरू झाल्या. तीस वर्षांच्या सरासरीसाठी त्यांना २०४७पर्यंत थांबावं लागेल आणि तोवर बागायतदाराने थांबायचं हे बरोबर नाही. दापोली, राहुरी, परभणी आणि अकोला या चारही कृषी विद्यापीठांकडे कित्येक दशकांच्या रोजच्या नोंदी आहेत. त्यांत मोहोराच्या, घड भरण्याच्या आणि दाणा पोसण्याच्या आठवड्यांतलं तापमान कसं सरकत गेलं ते पाहून विम्याच्या तारखा येत्या हंगामाआधी नव्याने ठरवता येतील.